पक्ष्यांवर काम करायचंय, पण पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणला बॉटनी घेऊन टीवायला आहे. घरामागच्या देवराईत धनेश (हॉर्नबिल) बघते आणि म्हणते ह्यातच करिअर करायचं. पण तिला झुऑलॉजी नाही, मग जमेल का? आणि पुढे पगाराचं काय?

उत्तर : ताई, बॉटनी आहे हे उलट बरंच आहे! धनेशाचा अभ्यास म्हणजे निम्मा झाडांचा अभ्यास. मादी जुन्या जाड झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते आणि नर महिनोन्महिने उंबर-वडाची फळं आणून भरवतो, म्हणजे ढोलीचं झाड गेलं की वीण गेली, आणि ज्या झाडांच्या बिया हे पक्षी लांब नेऊन टाकतात त्यांचीही पंचाईत.

धनेशावर काम करणाऱ्या संशोधक अपराजिता दत्ता, हे नाव तिला सांगा. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमधून एमएस्सी, तेव्हा काम केलं शेकरूवर, आपल्या राज्यप्राण्यावर, पण मध्य प्रदेशात. मग पीएचडीला अरुणाचलच्या पाक्के अभयारण्यात धनेश आणि बीजप्रसार. लोक डिग्री घेऊन निघून जातात, ह्या तिथेच टिकल्या. तिथले न्यिशी लोक टोपीवर धनेशाची चोच लावायचे, तिच्या जागी फायबरची चोच आली. 2011 पासून गावातलीच माणसं, त्यात काही जुने शिकारी, घरट्यांची राखण करतात आणि त्यांच्या पगाराला शहरातले लोक घरटं दत्तक घेऊन हातभार लावतात. 2013 साली ह्या कामाला निसर्गसंवर्धनासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर पुरस्कारापेक्षा शिकाऱ्याला राखणदार करणं हे जास्त अवघड, आणि ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीला प्रोजेक्टवरची नोकरी, फेलोशिप, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध. घरून दोन-तीन वर्षं धीर धरावा लागतो, तेवढी तयारी तुमची आहे का ते आधी बघा, तिची आहेच असं दिसतंय. एमएस्सीसाठी डेहराडून आणि बंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राची संशोधन संस्था), दोन्हीकडे एन्ट्रन्स असते, फॉर्मच्या तारखांवर लक्ष ठेवायला सांगा.

आणि तोवर त्याच देवराईत कुठल्या झाडाला कधी फळ धरतं आणि कोण खायला येतं ते वहीत तारखेसकट लिहायला लावा, इंटरव्ह्यूला ती वही घेऊन जाऊ दे.