आधी नकारांची यादी कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मोठ्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी सामन्यांचे व्हिडिओ कापायची नोकरी घ्यावी, की डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या, छोट्या कॉलेजातच सहायक कोच म्हणून मैदानावर रेषा आखत, जर्सी धुवत राहावं, असं विचारतोस. प्रश्नच चुकलाय. कुठे जायचं ते नंतर बघू. तू काय करणार नाहीस, ते आधी सांग.

आपल्या मिनेसोटातच कॉलेजव्हिलला जॉन गॅग्लियार्डी नावाचे फुटबॉल कोच होऊन गेले. आधी मोंटानाच्या कॅरोल कॉलेजात, मग १९५३ ते २०१२ असे साठ हंगाम कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्समध्ये. एकूण ४८९ विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणाचेच नाहीत. पण मला भावतात ते त्यांचे नकार. सरावात टॅकल, म्हणजे धडकून खाली पाडणं, नाही. शिट्टी नाही. दीड तासापलीकडे सराव नाही. ‘कोच’ नाही म्हणायचं, ‘जॉन’ म्हणायचं. आलेल्या पोराला संघातून काढायचं नाही. १९४३ साली शाळेचे कोच युद्धावर गेले आणि सोळा वर्षांच्या या पोराकडे संघ आला. खेळाडू म्हणून जे त्याला नकोसं व्हायचं, ते त्याने बंद करून टाकलं.

‘अशानं पोरं मऊ पडतात’ असं तुझे मुख्य कोच म्हणतात ना? २००३च्या डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात याच मऊ पोरांनी सलग ५५ सामने जिंकलेल्या माउंट युनियन कॉलेजला २४-६ने हरवलं. सांग त्यांना. नाहीतर राहू दे, नोकरी जायची.

आणि एक विसरतोस. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. पोरगा फी भरून खेळतो, उद्या नको वाटलं तर घरी जातो. ओरडून तू कुणाला बांधून ठेवणार आहेस?

प्रवेश कार्यालय म्हणतं, इतकी पोरं आणा. त्याचं रडगाणं पुरे. छोटी खासगी कॉलेजं फुटबॉल फीसाठीही चालवतात, हे काय आज कळलं? आण पोरं. पण बाकावरच बसणार असेल त्याला ‘पहिल्या वर्षापासून खेळशील’ असं सांगायचं नाही. हा तुझा पहिला नकार. लिहून ठेव.

मीही छोट्या कॉलेजात गणित शिकवून म्हातारा झालो. संख्या वाढवायला शोधनिबंध पाडत बसणार नाही म्हणालो, बढती अडली. तुझी काकू म्हणते, या हट्टापायी घर लहान राहिलं. राहिलं. पण वर्गातल्या शेवटच्या पोराला कळेपर्यंत थांबायला वेळ मिळाला, तो त्यातूनच. (हे तुला सांगतोय की तिला, कोण जाणे.)

रविवारपर्यंत यादी पाठव. पाच ओळी पुरेत. ‘विचार करतोय’ एवढंच लिहिलंस तर उत्तर देणार नाही. त्या मोठ्या विद्यापीठाच्या मुलाखतीला खुशाल जा, पण त्यांचा सराव कसा चालतो आणि दुखापत झालेल्या पोराला मैदानावर परत कोण पाठवतं, डॉक्टर की कोच, हे त्यांना तू विचार.

तुझा,
काका