पिल्लू हातात देतात का, हे आधी विचारा

प्रश्न: मी २४ वर्षांची आहे, मिहानमधल्या एका कंपनीत जॉब करते. मला परदेशात जाऊन समुद्री कासवांसाठी व्हॉलंटिअरिंग करायचंय. एका एजन्सीनं दोन आठवड्यांचं पॅकेज सांगितलं, विमानाचं तिकीट सोडूनच दीड लाखाच्या वर जाऊन राहिलं. ब्रोशरमध्ये सगळे जण हातात पिल्लं घेऊन हसत उभे आहेत. घरचे म्हणतात, फुकट राबायचं आणि वरून पैसे आपणच द्यायचे, हे कुठलं शहाणपण? जाऊ की नको? (रा., त्रिमूर्तीनगर)

उत्तर: जा की, पण या पॅकेजवर जाऊ नको. पैसे घेतात हे काही खटकत नाही, राहणं, जेवण, ट्रेनिंग याचा खर्च चांगल्या संस्थाही व्हॉलंटिअरकडूनच घेतात, हे घरच्यांना सांग. मला खटकतोय तो फोटो. पिल्लू वाळूतून वर आलं की पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर ते दिवसभर तरी न थांबता पोहतं, किनाऱ्याजवळच्या माशांनी आणि पक्ष्यांनी त्याला गाठायच्या आत खोल पाण्यात पोचायचं म्हणून. तीच पिल्लं टाकीत दोन-चार दिवस ठेवली, पर्यटकांच्या हातात फिरवली, की ती ताकद टाकीतच संपते आणि मग सोडलेलं पिल्लू दमलेलं असतं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या काही हॅचरींवर, म्हणजे अंडी आणून उबवायच्या जागांवर, नेमकी हीच टीका होते, आणि तिथल्याच रेकावाला मात्र घरटं जिथे आहे तिथेच राखायची पद्धत आहे, म्हणजे देश पाहून ठरवायचं नाही, काम पाहून ठरवायचं.

एजन्सीला सरळ मेल टाक. पिल्लं किती वेळात सोडता, अंडी हलवता का आणि कशासाठी, रात्री कुठला लाइट वापरता, आणि गावातल्या किती लोकांना पगार मिळतो. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर समजून जा. अंडी हलवायचीच असतील तर घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात, नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं नुसतं उलटं झालं तरी तो मरू शकतो, त्यामुळे "आम्ही पाहुण्यांना अंडी गोळा करू देतो" असं कोणी कौतुकानं सांगितलं तर तिथून निघ.

आता खरं काम कसं असतं ते ऐक. कोस्टा रिकात तोर्तुगेरो नावाचं गाव आहे, तिथे रस्ताच नाही, बोटीनं नाहीतर छोट्या विमानानं जावं लागतं. आर्ची कार नावाच्या शास्त्रज्ञानं तिथे १९५० च्या दशकात काम सुरू केलं, आणि १९५९ पासूनची सी टर्टल कन्झर्व्हन्सी तिथे अजूनही हिरव्या कासवांची नोंद ठेवते. सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर. रात्री काळे कपडे घालून, टॉर्च न लावता ओल्या वाळूत तासन्‌तास चालायचं, मादी दिसली तर ती अंडी घालायला लागेपर्यंत लांबच थांबायचं, मग लाल लाइटमध्ये अंडी मोजायची, कवच मापायचं, ओळखीसाठी लावलेला नंबरचा टॅग बघायचा. पाऊस, डास, आणि कित्येक रात्री नुसतंच चालणं. ग्रीसमध्ये आर्केलॉन ही संस्था १९८३ पासून आहे, झाकिन्थोस बेटावर लॉगरहेड कासवं येतात, तिथे व्हॉलंटिअर तंबूत राहतात, पहाटे घरटी शोधतात, घरट्यावर जाळी बसवतात आणि उरलेला दिवस टुरिस्टांना "काका, छत्री इथे रोवू नका" हे समजावण्यात जातो. हे ऐकूनही जावंसं वाटलं तर तू जायच्या लायकीची आहेस, एवढं नक्की.

या नोंदींचा उपयोग काय म्हणशील, तर २०२१ मध्ये ओडिशात टॅग केलेली एक ऑलिव्ह रिडले जातीची मादी २०२५ मध्ये आपल्या कोकणातल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी वेगळी असावीत असं लोक धरून चालले होते, तिथे एका छोट्या धातूच्या टॅगनं सगळ्यांना परत विचार करायला लावला.

व्हिसाचं आधीच बघ. टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटिअरिंग सगळीकडे चालत नाही, त्यामुळे संस्थेचं पत्र घे आणि दूतावासाला लेखी विचार. एजंटच्या तोंडी शब्दावर कधीच तिकीट काढायचं नाही.

आणि माझं खरं मत विचारशील तर आधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून तिथे कासवांचं काम उभं केलं, कोल्हे, कुत्री आणि अंडी चोरणारे यांच्यापासून घरटी वाचवायची म्हणून कुंपणाची हॅचरी केली. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान गावातल्या घरांत राहायची सोय होते. तिथल्या कासवमित्रांशी दोन दिवस गप्पा मारल्यास की परदेशातल्या संस्थेला काय विचारायचं ते तुला आपोआप कळेल.

प्रश्न: माझी मुलगी कासवांच्या कामासाठी कोस्टा रिकाला जायचं म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिला पोहता येत नाही, आणि रात्री अंधारात किनाऱ्यावर फिरायचं म्हणते. आईनं काय करावं? (एक आई, महाल)

उत्तर: ताई, पोहण्याची काळजी सोडा, हे सगळं काम वाळूवरचं आहे, पाण्यात जायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते. रात्रीची काळजी मात्र रास्त आहे, ती मी उगाच पुसून टाकणार नाही. कोस्टा रिकातल्याच मोइन किनाऱ्यावर ३१ मे २०१३ ला हैरो मोरा सँडोव्हाल या २६ वर्षांच्या कार्यकर्त्याचा खून झाला. त्याच्यासोबत गस्तीवर चार परदेशी मुली होत्या, त्यांनाही पळवून नेलं होतं, त्या कशाबशा सुटल्या. तिकडे अंडी चोरून विकली जातात आणि त्या धंद्यात गुंडही असतात. म्हणून मुलीला अडवण्यापेक्षा संस्थेला धारेवर धरा. गस्तीला किती जण जातात, सोबत स्थानिक माणूस आणि वायरलेस असतो का, किनारा राष्ट्रीय उद्यानात येतो का, पोलीस किती लांब आहेत. तोर्तुगेरोचा किनारा उद्यानात येतो, मोइनची गोष्ट वेगळी होती. उत्तरं तुमच्या देखत फोनवर घ्यायला लावा, ती चिडेल, चिडू द्या.

प्रश्न: वय ६३, गुडघे कुरकुरतात. पण समुद्र आणि कासव दोन्ही बघायची इच्छा राहून गेली. माझ्यासारख्याला कोणी घेईल का? (निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

उत्तर: सर, परदेशातली रात्रभराची गस्त तुमच्यासाठी नाही. चेन्नईत विद्यार्थ्यांचं एक नेटवर्क १९८८ पासून दर सीझनला रात्री कासवांसाठी किनाऱ्यावर पायी फिरतं, आणि जानेवारीपासून पुढे लोकांनाही सोबत नेतं, पण तेही वाळूतले सहा-सात किलोमीटर आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. जीटी एक्सप्रेस नागपूरहून थेट चेन्नईला जाते. चालणं जमणारच नसेल तर वेळासलाच जा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, वेळ आधी फोन करून विचारून घ्या. एखाद्या दिवशी एकही पिल्लू वर येत नाही, म्हणून हातात निदान दोन-तीन दिवस ठेवा आणि परतीचं तिकीट घाईचं काढू नका.