डिस्क निकामी झाली, पण कळले कोणालाच नाही

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ पद्धतीने, म्हणजे सर्व मिळून एकच मोठी डिस्क (अ‍ॅरे) म्हणून चालतील अशा, जोडलेल्या आहेत. एका डिस्कचा दिवा पिवळा झाल्याचे साफसफाईच्या वेळी योगायोगाने लक्षात आले. काम मात्र तोपर्यंत सुरळीत चालू होते. नवी डिस्क बसवली, पण रीबिल्ड (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा तयार करण्याचे काम) चालू असताना दुसऱ्या डिस्कवरील काही भाग वाचता येईना आणि अ‍ॅरे बंद पडला. बॅकअप असल्यामुळे निभावले. त्या दुसऱ्या डिस्कचा स्मार्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद) अहवाल आदल्याच दिवशी 'पास' असा होता. मग आम्ही नेमके काय पाहायला हवे होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी उरलेल्या डिस्कवरील माहिती आणि पॅरिटी (हरवलेली माहिती पुन्हा काढता यावी म्हणून साठवलेली जास्तीची नोंद) यांच्या आधारे अ‍ॅरे चालू राहतो, आणि वापरणाऱ्याला कामात खंड जाणवत नाही. नेमकी हीच सोय घात करते, कारण त्या क्षणापासून तुमचा अ‍ॅरे 'डिग्रेडेड' असतो आणि आणखी एका डिस्कचे अपयश सोसण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. दिवा पिवळा होऊन किती दिवस झाले होते, हे कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या) लॉगमध्ये तारखेसह सापडेल. ते जरूर पाहावे.

दुसरी डिस्क रीबिल्डच्या वेळीच का दगावली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बहुधा ती त्या दिवशी बिघडलीच नव्हती. जुन्या, क्वचितच उघडल्या जाणाऱ्या फायली जिथे असतात तिथले सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे छोटे भाग) खराब झाले तरी ते कोणी वाचेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही; रीबिल्डमध्ये मात्र उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे १२ टीबी, वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबीचा वेग सतत मिळाला तरी ४ टीबीच्या एका डिस्कला सुमारे साडेसात तास लागतात, आणि कचेरीचे काम चालू असेल तर त्याहून बरेच जास्त.

यावर उपाय म्हणजे संपूर्ण अ‍ॅरे ठरावीक काळाने वाचून काढणे. त्यात न वाचता येणारा सेक्टर आढळलाच, तर सर्व डिस्क शाबूत असल्यामुळे त्याची माहिती पॅरिटीवरून पुन्हा तयार करून लिहिता येते. डेबियन लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेडमध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. हार्डवेअर कंट्रोलरमध्ये तिला 'पेट्रोल रीड' किंवा 'कन्सिस्टन्सी चेक' म्हणतात. मात्र ती चालू आहे असे गृहीत न धरता वेळापत्रक स्वतः उघडून पाहावे.

आता स्मार्टविषयी. 'पास' या शेऱ्याचा अर्थ इतकाच, की उत्पादकाने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडली गेलेली नाही, आणि या मर्यादा सहसा फारच सैल असतात. म्हणून शेरा सोडून मूळ आकडे पाहावेत : क्रमांक ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, आणि १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. यांतला कोणताही आकडा शून्यावरून हलला आणि आठवड्यागणिक वाढू लागला, तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. १९९, म्हणजे डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीतील चुका, वाढत असेल तर मात्र आधी केबल तपासावी; केबलच्या दोषापायी चांगल्या डिस्क भंगारात जातात. सर्व्हरमध्ये रेड कंट्रोलर असल्यास स्मार्टसीटीएलला (स्मार्टचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) बहुधा फक्त आभासी डिस्क दिसते, म्हणून कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगून प्रत्येक डिस्कची स्वतंत्र विचारणा करावी लागते.

तरीही स्मार्टवर पूर्ण भिस्त ठेवू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान वगळता, स्मार्टमध्ये कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती.

इशारा माणसापर्यंत पोहोचतो का, याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अनेक सर्व्हरवर इशाऱ्यांचे ई-मेल रूट (मुख्य प्रशासकाच्या) खात्याच्या स्थानिक पेटीत साचत राहतात आणि ती पेटी कोणीही उघडत नाही. लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडम या प्रोग्रॅमला मॉनिटर, स्कॅन, वनशॉट आणि टेस्ट हे पर्याय दिल्यास प्रत्येक अ‍ॅरेमागे एक चाचणी ई-मेल निघतो. तो संस्थेतील किमान दोन व्यक्तींना मिळायला हवा, आणि मेलचा पासवर्ड बदलला की ही चाचणी पुन्हा करायला हवी.

पुढच्या वेळी डिस्क बदलण्यापूर्वी ताजा बॅकअप घ्यावा आणि काढायच्या डिस्कचा अनुक्रमांक लेबलवरून जुळवून पाहावा. डिग्रेडेड रेड ५ मधून चुकून चांगली डिस्क ओढली गेली, तर अ‍ॅरे तिथेच कोसळतो.

प्रश्न : हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्या तर ही देखरेख टळेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : टळणार नाही, फक्त पाहायचे आकडे बदलतील. एनव्हीएमई एसएसडीमध्ये वापरलेल्या आयुष्याची टक्केवारी, शिल्लक राखीव जागा आणि माध्यमातील त्रुटींची संख्या पाहावी. त्याखेरीज, मिररमधील (एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणाऱ्या जोडीतील) दोन्ही एसएसडींवर जवळजवळ सारखेच लेखन होते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या आणि एकाच दिवशी बसवलेल्या जोडीची झीजही बरोबरीने होते. शक्य असल्यास दोन वेगळ्या उत्पादकांच्या घ्याव्यात, किंवा दुकानदाराकडून निदान वेगवेगळ्या बॅचच्या मागून घ्याव्यात.