मंगल कार्यालयाचं पार्किंग दहा महिने रिकामं असतं. तिथे रात्रीपुरत्या कॅराव्हॅन (आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाड्या) थांबवता येतील का? (ठिकाण: दापोलीजवळ)

येतील. पण आधी पंचांग उघडा. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत तुमचे मुहूर्त आणि हाच कॅराव्हॅनवाल्यांचा हंगाम. म्हणजे दहा महिने रिकामं असलं तरी नेमके हवे ते दिवस रिकामे असतीलच असं नाही. हळदीच्या रात्री डीजे असेल तर त्या तारखेला गाडी घेऊच नका. नुसता दुपारचा मुहूर्त असेल तर सकाळी आठला जागा सोडायची, हे फोनवरच सांगून ठेवा.

कॅराव्हॅन थांबवायची आमची जागा गुहागर तालुक्यात, तवसाळच्या रस्त्यावर. बाबांची खानावळ बंद झाली, तिचं अंगण उरलं. जयगडला जाणारी फेरीबोट चुकलेली माणसं रात्री दार वाजवायची, त्यातून हे सुरू झालं. चार गाड्यांची जागा, रात्रीचे पाचशे, एसी लावला तर विजेचे वेगळे.

पहिल्याच डिसेंबरमध्ये एक पुण्याचे गृहस्थ सकाळी सातला हातात प्लॅस्टिकची करडी पेटी घेऊन ओटीवर उभे. "काका, हे कुठे ओतू?" संडासाची कॅसेट होती, म्हणजे गाडीतल्या संडासाखालची, काढून रिकामी करायची मैल्याची टाकी, वीसेक लिटरची. मी भोळेपणाने आमच्या सेप्टिक टाकीचं झाकण उघडून दिलं. आतलं निळं औषध टाकीतल्या जिवाणूंना मारतं हे कुणाला ठाऊक! महिनाभर मागच्या पडवीत बसवत नव्हतं. आता फॉर्मल्डिहाइड नसलेलं औषध असेल तरच ओतू देतो, वर बादलीभर पाणी.

सगळा धंदा या सांडपाण्यावर आहे, समुद्र दिसतो की नाही यावर नाही. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी लोक गुपचूप गाडीखाली सोडून देतात. त्यासाठी एक जाळीचं तोंड आणि शोषखड्डा कराच. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा असं मानक आहे. आपल्या जांभ्यातून पाणी इतकं झरझर पाझरतं की मी तर त्याच्या दुप्पट अंतर ठेवलंय. शेजाऱ्याची विहीरही मोजा, भांडणं तिथूनच सुरू होतात.

वीज: प्रत्येक जागेला 16 अँपिअरचा वेगळा सॉकेट, झाकणाचा, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच). खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं, दर दोन महिन्यांनी उघडून बघावं लागतं. मार्चनंतर जांभा कोरडाठाक होतो आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहायचं. लग्नाच्या मांडवासाठी घेतलेल्या जोडणीवर चार एसी चालतील का, हे वायरमनला विचारा, डेकोरेटरला नाही.

जमीन सपाट हवी. गाडीत झोपणाऱ्याचं डोकं खाली गेलं तर सकाळी तो तुमचं नाव घेत नाही. माडाखाली जागा देऊ नका, नारळ पाडून घेतले असले तरी झावळ पडतेच. आणि फाटकावरून जाणारी वायर बघा. आमची सर्व्हिस वायर एका गाडीच्या छतावरच्या एसीला अडकून तुटली, तीही रात्री नऊला.

कागदपत्रं: राज्याचं कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचं विचारा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आधी घ्या. तुमचं कार्यालय किनाऱ्याजवळ असेल तर नवीन न्हाणीघर बांधण्याआधी सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) बघा. 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध आहेत. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरावी लागते.

पावसाळ्यात बंद ठेवा. गणपतीत तर विचारूच नका, तेव्हा आमच्याच चाकरमान्यांच्या गाड्या अंगणात दाटीवाटीने लागलेल्या असतात.

कार्यालयाचे संडास आहेतच, म्हणजे तुमचा अर्धा खर्च वाचला. त्यांची टाकी कुठे आहे आणि विहीर किती लांब, एवढं टेपने मोजून इथेच लिहा, मग शोषखड्डा कुठे खणायचा ते सांगतो.