वाचक विचारतात : गेटपासून गवतापर्यंत, स्टेडियममधली जोडयंत्रणा

प्रश्न : आमच्या स्टेडियमची क्षमता ४०,००० आहे. मोबाइलवरचा क्यूआर कोड तपासून प्रवेश देतो. सामन्याआधीच्या अर्ध्या तासात रीडर अडखळतात आणि रांगा रस्त्यावर जातात. इंटरनेटची लाइन दुप्पट वेगाची घेतली, तरी ढिम्म फरक नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : एका तिकिटाची तपासणी म्हणजे फार थोडा डेटा, त्यामुळे लाइन कितीही मोठी घ्या, हे सुटणार नाही. रीडर प्रत्येक तिकिटासाठी बाहेरच्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो, दुखणं तिथे आहे. ऐन गर्दीत सगळे रीडर एकदम विचारू लागले, की सर्व्हरपाशी तुंबारा होतो आणि गेटवर माणसं खोळंबतात.

वैध तिकिटांची यादी सामन्याआधीच प्रत्येक रीडरमध्ये उतरवून ठेवा. ‘हे तिकीट वापरलं’ ही नोंद स्टेडियमच्या आतल्याच सर्व्हरवर जाऊ द्या. बाहेर ती मागाहून पोचली तरी चालतं. आतला सर्व्हरही गाठता आला नाही, तर रीडरने स्वतःच्या यादीवरून निर्णय घ्यावा. मग धोका एकच उरतो : एका तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन दोघं दोन गेटांवर उभे राहतील. म्हणून तिकीट ठरावीक गेटांनाच बांधा आणि त्या गेटांचे रीडर एकाच नेटवर्क स्विचवर (केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) ठेवा. आतल्या सर्व्हरकडे जाणारा दुवा तुटला तरी ते आपसांत नोंदी देऊ-घेऊ शकतील असं सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून लेखी मागून घ्या.

दर काही सेकंदांनी बदलणारा कोड स्क्रीनशॉटची पंचाईत सोडवतो, पण तो घड्याळावर चालतो. रीडरचं घड्याळ मिनिटभर मागे पडलं, तर खरी तिकिटंही खोटी ठरतात. सगळ्या रीडरांना वेळ आतल्या एकाच सर्व्हरवरून द्या आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की इशारा वाजू द्या.

आता गेटांची संख्या मोजा. ब्रिटनमधल्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे ‘ग्रीन गाइड’मध्ये, एका फिरत्या गेटातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. ४०,००० लोक एका तासात आत घ्यायचे तर ६१ गेटं लागतील. माहितीपत्रकात ‘अर्ध्या सेकंदात स्कॅन’ असं लिहिलेलं असतं, ते खरंही असतं. पण फोन खिशातून काढणं, तिकीट शोधणं, स्क्रीनचा उजेड वाढवणं हा वेळ त्यात धरलेला नसतो. गेटाच्या दहा मीटर अलीकडे ‘तिकीट उघडून ठेवा’ हा फलक लावा, रीडरच्या काचेवर उन्हासाठी झडप बसवा आणि नाकारलेल्या तिकिटासाठी वेगळा टेबल ठेवा. वाद रांगेच्या तोंडाशी झाला, की ते गेट तेवढा वेळ बंदच म्हणायचं.

प्रश्न : छतावर वायफायचे ॲक्सेस पॉइंट (सिग्नल देणाऱ्या पेट्या) लावले. मैदान रिकामं असताना वेग उत्तम येतो. सामन्याच्या दिवशी फोन जोडला जातो, पण पान उघडत नाही. आणखी ॲक्सेस पॉइंट लावावेत का?

उत्तर : आत्ता लावू नका, बहुधा आणखी बिघडेल. रिकाम्या मैदानातली चाचणी फारसं काही सांगत नाही. माणसाचं शरीर रेडिओलहरी शोषतं आणि हजारो फोन एकाच वेळी बोलू लागले, की हवेतला वेळ सगळ्यांत वाटला जातो. एकाच चॅनलवरचे दोन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील, तर ते आळीपाळीनेच बोलतात. तिथे तिसरा आणून बसवला, की प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ आणखी घटतो.

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. प्रेक्षकांच्या आसनांच्या भागात हा पट्टा सरळ बंद करा. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ८० ठेवली तर चाचणीत आकडा झळकतो, पण चार चॅनल खर्ची पडून एकच हातात राहतो. प्रक्षेपणाची ताकद कमी करा. छतावरून द्यायचं असेल, तर अरुंद झोताचे अँटेना लावा आणि प्रत्येकाचा झोत कोणत्या रांगांवर पडतो ते आराखड्यावर आखून घ्या. आसनाखाली बसवणं खर्चिक, पण तिथे गर्दीच तुमच्या मदतीला येते : वर बसलेली माणसं लहरी अडवतात, म्हणून प्रत्येक पॉइंटचं क्षेत्र आपोआप लहान राहतं. साधारण ५० ते १०० आसनांना एक, असा हिशेब धरतात. मात्र सामना झाल्यावर स्टँड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात, तेव्हा पेटी त्या पाण्याला टिकणारी हवी आणि केबल खालून आत जायला हवी. हे विसरलं, की पहिल्याच हंगामात पेट्यांत पाणी शिरतं.

सर्वांत कमी वेग १२ किंवा २४ मेगाबिटवर बांधा. प्रत्येक नेटवर्क-नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली हाक देतं आणि ती हाक सर्वांत कमी वेगानेच जाते. प्रेक्षक, माध्यमं, कर्मचारी, विक्रेते, पाहुणे अशी पाच नावं ठेवलीत, तर बराच वेळ नुसत्या हाकांतच जातो. दोन-तीन पुरेत.

तुमच्या लक्षणावरून मात्र आधी फोनांना मिळणारे नेटवर्कचे पत्ते तपासावेत. डीएचसीपीचा, म्हणजे हे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेचा, साठा क्षमतेपेक्षा मोठा, ४०,००० आसनांसाठी ६०,०००च्या आसपास, हवा आणि पत्त्याची मुदत दोन ते चार तास. मुदत २४ तासांची असेल, तर काल येऊन गेलेल्या फोनांनी आजचे पत्ते अडवून ठेवलेले असतात. पत्ते पुरत असतील, तर फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा तपासणारी यंत्रणा) बघा. प्रत्येक फोन एका वेळी पन्नासेक जोडण्या उघडतो असं धरलं, तर २०,००० फोनांच्या १० लाख होतात. फायरवॉलमधली जोडण्यांची नोंदवही भरली, की नवी जोडणी गुपचूप टाकून दिली जाते. बाहेर जायला एकच सार्वजनिक पत्ता असेल, तर त्याच्यामागे सुमारे ६४,००० पोर्ट (जोडण्यांना द्यायचे क्रमांक) असतात, तेही लवकर संपतात. पत्त्यांचा संचच लागेल.

प्रश्न : ४८ पोर्टच्या पीओई स्विचवर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणाऱ्या) ३० कॅमेरे आहेत. दिवसा चालतात, अंधार पडला की चार-पाच बंद पडतात.

उत्तर : अंधारात कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. पोर्ट ४८ असले तरी स्विच एकूण किती वॅट देऊ शकतो ते पाहा. ७४० वॅटच्या स्विचवर ३० वॅटने ओढणारे कॅमेरे २४च चालतील. काही कॅमेरे दुसऱ्या स्विचवर हलवा. हलवताना तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे जाऊ देऊ नका, पुढे फायबर घ्या.

प्रश्न : दारांवरचे कॅमेरे माणसं मोजतात. मध्यंतरानंतर आकडा तिकिटांच्या नोंदीपेक्षा शेकड्यांनी वेगळा असतो. कॅमेरे बदलावेत का?

उत्तर : चूक साठत जाते. मध्यंतरात १०,००० माणसं बाहेर जाऊन परत आली, तर दारांतून २०,००० वेळा ये-जा झाली. एक टक्का चूक म्हणजे २००. शिवाय लोक घोळक्याने बाहेर पडतात आणि एकेकटे परततात. घोळक्यात कॅमेरा कमी मोजतो, म्हणून चूक एकाच दिशेला झुकते आणि आपोआप फिटत नाही. कॅमेरा बरोबर डोक्यावर, सरळ खाली बघणारा हवा. मोजणीची रेषा लोक रेंगाळतात तिथे नको, चालते राहतात तिथे आखा. छत्र्या, खांद्यावरची मुलं आणि तिरप्या उन्हाच्या लांब सावल्या हे नेहमीचे गुन्हेगार. अंतर मोजणारे सेन्सर सावलीला फसत नाहीत.

फोनच्या वायफायवरून माणसं मोजण्याच्या फंदात पडू नका. आयओएस १४ (२०२०) आणि अँड्रॉइड १० (२०१९) पासून फोन स्वतःच्या ओळखीचा (मॅक) पत्ता नेटवर्कगणिक बनावट देतात.

आणि खरं तर सुरक्षेसाठी एकूण आकड्यापेक्षा दाटी महत्त्वाची. चौरस मीटरला चारच्या पुढे माणसं गेली, की चालणं अडखळतं. इशारा तीनवरच वाजू द्या, आणि तो वाजल्यावर कोणतं गेट कोणी थांबवायचं हे आधीच लिहून नियंत्रण कक्षात लावा.

प्रश्न : एलईडी फ्लडलाइट वीज आल्याबरोबर लागतात. मग यूपीएसवर खर्च कशाला?

उत्तर : फ्लडलाइटसाठी नाहीच करायचा. जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा विझले, की थंड होऊन पुन्हा पूर्ण उजळायला १०-२० मिनिटं घेत. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये अर्ध्या स्टेडियमची वीज गेली आणि खेळ ३४ मिनिटं थांबला. विजेची लाइन सुरक्षित राहावी म्हणून बसवलेला रिलेच त्याला कारणीभूत ठरला होता. एलईडीने ती वाट पाहणं संपवलं, पण दिव्यांमागे आता नियंत्रक आला. वीज परतली तरी नियंत्रक आणि स्विच सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. तोवर दिव्यांना आदेश नसतो आणि ‘आदेश नसेल तर शून्य’ अशी मूळ जुळणी असेल, तर अंधार कायम. ‘आदेश नसेल तर पूर्ण उजेड’ अशी जुळणी करून घ्या आणि डीएमएक्स केबल (दिव्यांना आदेश नेणारी) उपटून ती खरंच चालते का ते पाहा. केबलच्या शेवटी १२० ओमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोधक) नसेल, तर दिवे मधूनच लुकलुकतात.

यूपीएस लागतो तो नियंत्रक, स्विच, ध्वनिक्षेपक आणि गेटांसाठी. आणीबाणीच्या दिव्यांचा बॅटरीपुरवठा वेगळाच असावा. यूपीएसची खोली स्टँडखालच्या कोंदट जागेत काढली, तर बॅटऱ्या लवकर मरतात : तापमान दर १० अंशांनी वाढलं, की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

प्रश्न : मैदानात ओलावा मोजणारे बिनतारी सेन्सर पुरले आणि पाणी आपोआप सुटेल अशी व्यवस्था केली. काही पट्टे चिखल झाले, काही सुकले.

उत्तर : सेन्सर पुरताना काट्यांभोवती हवा राहिली असेल, तर तो खोटा कोरडेपणा दाखवतो आणि यंत्रणा पाणी सोडतच राहते. तुमचा चिखल बहुधा तिथलाच. दुसरं म्हणजे कारखान्यातली जुळणी साध्या मातीसाठी असते, अशा मैदानाच्या गवताखाली मात्र बहुतेक वाळू. जुळणी स्वतः करा : सेन्सरशेजारचा ठरावीक घनफळाचा नमुना काढा, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. घटलेलं वजन भागिले घनफळ म्हणजे खरा ओलावा. असे ओले, मध्यम आणि कोरडे नमुने घ्या.

सुकलेले पट्टे सावली-उन्हाचे असतील. स्टँडची सावली पडणारा भाग आणि उघडा भाग यांना एकाच सेन्सरवर चालवू नका, प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा सेन्सर आणि स्वतःचा व्हॉल्व्ह द्या. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ७,१४० लिटर. एका पाळीत ५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३६,००० लिटरच्या वर सुटणार नाही अशी मर्यादा व्हॉल्व्हच्या नियंत्रकातच घाला. सेन्सरचं काहीही बिनसलं, तरी नुकसान तेवढ्यावर थांबेल.

व्हॉल्व्ह लोराव्हॅनवर (कमी विजेवर लांबवर छोटे संदेश नेणाऱ्या बिनतारी नेटवर्कवर) असतील, तर त्यांचा वर्ग बघा. ‘ए’ वर्गाचं उपकरण स्वतः संदेश पाठवल्यानंतरच थोडा वेळ ऐकतं. ते तासाला एकदा बोलत असेल, तर ‘बंद हो’ हा आदेशही तासभर लटकू शकतो. सेन्सरला ‘ए’ ठीक, व्हॉल्व्हला सतत ऐकणारा ‘सी’ हवा. सेन्सरची जागा दोन कोपऱ्यांपासून मोजून मैदानप्रमुखाच्या वहीत लिहा. खोल छिद्रं पाडणाऱ्या यंत्राचे दात २० सेंटीमीटरच्याही खाली जातात आणि सेन्सरचा चुराडा करतात.

प्रश्न : गेट, कॅमेरे, दिवे, पाणी, विक्रीची यंत्रं आणि वायफाय एकाच नेटवर्कवर घेतलं तर केबल आणि पैसे वाचतील ना?

उत्तर : केबल एक ठेवा, नेटवर्क वेगवेगळी. त्याच फायबरवर प्रत्येक यंत्रणेला स्वतंत्र व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क) द्या आणि त्यांच्यातली वाट फायरवॉलमधूनच काढा. इमारतीच्या यंत्रणांत चालणारा बॅकनेट आयपी हा साधा प्रोटोकॉल जो बोलेल त्याचं ऐकतो, ना ओळख विचारतो ना मजकूर झाकतो. प्रेक्षकांच्या वायफायवरून त्याचं ४७८०८ क्रमांकाचं पोर्ट दिसत असेल, तर आजच बंद करा. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचँगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनावेळी झालेल्या सायबर हल्ल्यात स्टेडियमचं वायफाय आणि संकेतस्थळ दोन्ही बंद पडली, लोकांना तिकिटं छापून घेता येईनात.

पुरवठादारांना दुरुस्तीसाठी बाहेरून आत येण्याची कायमची वाट देऊ नका. मागतील तेव्हा उघडा, काम झालं की बंद करा. वर्षातून दोनदा, सामना नसलेल्या दिवशी, मुख्य स्विचची केबल काढून ठेवा आणि तासभर गेटं, दिवे, ध्वनिक्षेपक हातांनी चालवून बघा. जे चाललं नाही त्याची यादी पुढच्या सामन्याआधी संपवा.