बेलव्ह्यूच्या आकी मात्सुरीला जावं का? खायला काय मिळेल आणि उपऱ्यासारखं वाटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतेच पुण्याहून अमेरिकेत, सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूला आलात, सहा वर्षांची मुलगी आहे, घरात सगळे शाकाहारी. ऑफिसात कोणीतरी सप्टेंबरातल्या आकी मात्सुरी या जपानी उत्सवाला जा म्हणून सांगितलंय. जावं का, मुलगी कंटाळेल का, खायला काय मिळेल, किमोनो घातला तर कोणाला खटकेल का, आणि जपानशी काही घेणंदेणं नसताना तिथे उपऱ्यासारखं वाटेल का.

जा. मी ईस्टसाइडला, म्हणजे बेलव्ह्यूच्याच भागात राहतो आणि जमेल त्या वर्षी जातोच. उपरेपणाचं आधी सांगतो, कारण तिथे नुसते प्रेक्षक म्हणून उभे राहिलात तर अर्ध्या तासात बघून संपेल आणि मुलगी घरी चला म्हणून मागे लागेल. हा सोहळा लांबून बघण्यात मजा नाही. जिथे हात लावायला देतात तिथे लावायचा.

आकी म्हणजे शरद ऋतू आणि मात्सुरी म्हणजे उत्सव, जत्रा. जपानात शरदातली मात्सुरी मुळात भातकापणीशी बांधलेली. पीक घरात येतं, गावच्या देवाचे आभार मानायचे, म्हणून देव देवळाबाहेर काढून गावातून फिरवायचा. बेलव्ह्यूत ना भातखाचरं ना तसलं देऊळ. उत्सव भरतो तो बेलव्ह्यू कॉलेजच्या आवारात, आय-९० महामार्गाजवळ. ईस्टसाइड निहोन मात्सुरी असोसिएशन नावाची स्वयंसेवकांची संस्था वीसहून जास्त वर्षं तो भरवते आहे, प्रवेश फुकट. डांबरी पार्किंग, वर्गखोल्या, जिमखाना, त्यात तंबू आणि स्टेज. पहिल्यांदा बघताना वाटतं, हे काय, शाळेचं स्नेहसंमेलन! मग मिकोशी निघते.

मिकोशी म्हणजे देवाची पालखी म्हणा. लाकडाची, छोट्या देवळाच्या आकाराची, वर बहुतेक वेळा सोनेरी पक्षी, खाली लांब दांडे, आणि ते खांद्यावर घेणारी छोट्या निळ्या डगल्यांतली माणसं. या डगल्याला हाप्पी म्हणतात, कपाळाला पट्टी बांधलेली असते. पण आपली पालखी संथ, जपून चालते, आणि इथे मिकोशी मुद्दाम हिंदकळवतात. वर-खाली, डावी-उजवीकडे. आतला देव असा घुसळून निघाला की त्याचं तेज जागं होतं अशी समजूत. 'वाश्शोई, वाश्शोई' ओरडत सगळ्यांनी एकाच ठेक्यात आखूड पावलं टाकायची, मध्ये कोणी लय सोडली की दांडा लगेच मानेवर आदळतो. उंच माणसाची इथे शिक्षा असते: शेजारचे चार इंचांनी बुटके असले की सगळं वजन तुमच्याच खांद्यावर, आणि ते नुसता दांडा धरून आनंदाने चालतात. मी बऱ्यापैकी उंच आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. जपानात वर्षानुवर्षं मिकोशी उचलणाऱ्यांच्या खांद्यावर चक्क घट्टा पडतो, आणि तो लोक अभिमानाने दाखवतात. तुम्ही खांद्यावर एक छोटा टॉवेल घडी करून ठेवा.

माणसं कमी पडली की बाजूला उभ्या असलेल्यांना बोलावतात. बोलावलं तर लाजू नका. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकात अनोळखी माणसाला मिरवणुकीच्या दिवशी कोणी टिपरू हातात देणार नाही (आणि देऊही नये, दोन महिने सराव लागतो). इथे मात्र खांदा दिलात की तुम्ही त्यातले. मुलांची छोटी मिकोशी असेल तर मुलीला नक्की घुसवा. देवाचं काही असल्यामुळे संकोच वाटत असेल, तर तिथे तुमचा धर्म कोणी विचारत नाही आणि पूजेला बसवतही नाही.

आता एक गोष्ट, जी कोणी आपणहून सांगत नाही आणि मला बरीच उशिरा कळली. हा उत्सव बेलव्ह्यूत होतो याला एक वेगळा अर्थ आहे. काचेच्या टोलेजंग इमारती यायच्या आधी हे शेतीचं गाव होतं आणि इथली भाजी नि स्ट्रॉबेरी पिकवणारे बरेचसे शेतकरी जपानी होते. जंगल तोडून लाकूड कंपन्या निघून गेल्या, मागे राहिले ते प्रचंड बुंधे. ते सुरुंग लावून, घोडे जुंपून उपटायचे आणि त्या बदल्यात काही वर्षं ती जमीन कसायची, असे करार जपानी कुटुंबांनी केले. जमीन त्यांच्या नावावर कधी होणार नव्हती. जपानातून आलेल्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळत नव्हतं, आणि वॉशिंग्टन राज्याच्या १९२१ च्या कायद्याने अशा लोकांना शेतजमीन घेणंच काय, खंडाने करणंही बंद करून टाकलं. मग इथे जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर व्यवहार करून लोक तगून राहिले.

१९२५ पासून गावात स्ट्रॉबेरी महोत्सव भरायचा. सिएटलहून लोक सरोवर ओलांडून हजारोंनी यायचे, शॉर्टकेकवर साय आणि स्ट्रॉबेरी खायचे. ती स्ट्रॉबेरी मोठ्या प्रमाणावर या जपानी शेतांतली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, फेब्रुवारी १९४२ मध्ये लष्कराला लोक हलवायची मुभा देणारा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा ९०६६ क्रमांकाचा हुकूम निघाला, आणि मे महिन्यात, ऐन स्ट्रॉबेरी पिकण्याच्या तोंडावर, बेलव्ह्यूतली सुमारे ६० जपानी कुटुंबं आगगाडीत बसवून कॅलिफोर्नियातल्या छावणीत नेली. त्या वर्षी महोत्सव रद्द झाला. पिकवणारेच नव्हते. पश्चिम किनाऱ्यावरून असे एक लाखाहून जास्त लोक हलवले, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. युद्धानंतर बेलव्ह्यूला परतली ती थोडीच कुटुंबं. अमेरिकी सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर द्यायचा कायदा केला तो १९८८ मध्ये.

आकी मात्सुरी काही या इतिहासाचा कार्यक्रम नाही, तिथे भाषणं होत नाहीत. पण ज्या गावातून एकेकाळी जपानी माणसाला गाडीत बसवून पाठवून दिलं, त्याच गावात दोन दिवस 'वाश्शोई' घुमतं आणि ते ओरडण्यात चिनी, भारतीय, मेक्सिकन, गोरे सगळे असतात, हे माहीत असेल तर त्या पार्किंगकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. आपण एच-१बी वाले ग्रीन कार्डच्या रांगेवर तासन्‌तास बोलतो. त्या लोकांसाठी तर रांगच नव्हती. जपानातून आलेल्यांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९५२ मध्ये.

असो. मुलीचं सांगतो. ताइको, म्हणजे मोठे ढोल, तिला नक्की आवडतील. पुण्याची आहे म्हटल्यावर कान तयारच असतील. फक्त स्टेजच्या अगदी पुढे बसवू नका. केंदोचं, म्हणजे जपानी तलवारबाजीचं प्रात्यक्षिक असलं तर तेही दाखवा. बांबूच्या तलवारी, डोक्यावर जाळीचा मुखवटा, आणि घशाच्या मुळापासून आलेली आरोळी. ती आरोळी नुसता दिखावा नसते, तिच्यात दम नसेल तर अचूक बसलेला वारही गुण मिळवत नाही. मुलं हे ऐकून भलतीच खूश होतात, कारण ओरडण्याचे गुण मिळणारा दुसरा खेळ त्यांना माहीत नसतो. सुलेखनाचं टेबल दिसलं तर नाव लिहून घ्या. मुलगी ओरिगामीच्या टेबलावर बसली तर तुम्ही तासभर निश्चिंत.

चहाचा विधी मात्र सहा वर्षांच्या मुलीला जड जाईल. तुम्हा दोघांपैकी एकाने जा, दुसऱ्याने मुलीला सांभाळा. आधी गोड खायचं आणि मग कडू हिरवा माच्चा प्यायचा, एकामागून एक, एकत्र नाही. वाडगा तुमच्यापुढे येतो तेव्हा त्याची सगळ्यात सुंदर बाजू तुमच्याकडे केलेली असते. तुम्ही तो डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताने दोनदा थोडा फिरवायचा, म्हणजे त्या बाजूला ओठ लागत नाहीत. पिऊन झालं की उलटा फिरवून परत. शेवटचा घोट सुर्रकन आवाज करून प्यायला तर ते चांगलंच समजतात. हे एवढं माहीत असलं तरी पुरे. चुकलं तर समोरच्या बाई हसून हाताने दाखवतात. इकेबाना (फुलांची मांडणी) आणि बोन्सायचं दालन आम्ही नेहमी पाच मिनिटांत उरकतो, पण ज्यांना झाडांची आवड आहे ते तिथून हलत नाहीत.

आता खाणं. इथे सावध राहा, कारण 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर समोरचा माणूस प्रामाणिकपणे मान डोलावतो आणि त्याच्या मनात मांस नाही एवढंच असतं. अडचण मांसाची नाहीच, दाशीची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस आणि समुद्री शेवाळ यांचं हे पाणी जपानी स्वयंपाकात सगळीकडे. मिसो सूपमध्ये ते, उदोन नूडल्सच्या रश्श्यात ते, ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्याच्या पिठात ते आणि वरून पुन्हा त्याच माशाचे पातळ पापुद्रे, वाफेने हलणारे. ताकोयाकी या गोल गोळ्यांत तर ऑक्टोपसच असतो. याकिसोबा नूडल्समध्ये बहुधा डुकराचं मांस. आणि करी राइसची पाटी दिसली म्हणून आपलीच आहे असं समजून धावू नका. ती करी जपानात पोचली इंग्रजांमार्फत, आणि तिच्या तयार वड्यांत बहुतेकदा प्राण्यांची चरबी किंवा मांसाचा अर्क असतो.

मग काय खायचं? आंबट-खारट उमेबोशी, म्हणजे मुरवलेलं जपानी फळ, घातलेला ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोण, हा सगळ्यात भरवशाचा. उकडलेले एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. चिकट तांदळाच्या पारीत लाल अझुकीचं गोड सारण भरलेलं दाइफुकु, यात दूधही नसतं. अझुकी चवळीच्याच कुळातली, त्यामुळे मुलीला ती चव परकी वाटणार नाही. योकान, म्हणजे अझुकीची घट्ट गोड वडी, दिसलं तर बिनधास्त घ्या, ते शेवाळापासून काढलेल्या कान्तेनने गोठवतात, जिलेटिनने नाही. किसलेल्या बर्फावर रंगीत सरबत ओतून देतात ते आहेच. अंडं चालत असेल तर माशाच्या आकाराची ताइयाकी आणि दोन गोल धिरड्यांची दोरायाकी. ताइयाकीत माशाचा फक्त आकार आहे, दोन्हींच्या आत तेच अझुकीचं सारण. इनारी सुशीचे गोड तोफूचे खिसे शाकाहारी दिसतात खरे, पण ते पुष्कळदा दाशीत शिजवलेले असतात, तेव्हा विचारून घ्या. 'यात दाशी आहे का?' हा एकच नेमका प्रश्न विचारलात की उत्तर खरं मिळतं. घरून पोळी-भाजीचा डबा नेलात तरी कोणी अडवत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही नेतो. स्टॉलच्या रांगा दुपारी साडेबारानंतर फार लांबतात.

कपड्यांचं म्हणाल तर जपानी लोकांना किमोनो घातलेला परका माणूस खटकत नाही, उलट आजीबाई येऊन पट्टा नीट करून देतात. सुती युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला साधा किमोनो, मिळाला तर मुलीला घाला. एकच सांभाळा: डावी बाजू उजवीवर यायला हवी. उजवी डावीवर घेतात ती फक्त मृताला नेसवताना, आणि हे मात्र बघणाऱ्याला खरोखर खटकतं. आरशात बघून घालताना नेमकी हीच उलटापालट होते.

तारीख दरवर्षी बघून घ्या. साधारण लेबर डेनंतरचा (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरचा) शनिवार-रविवार असतो, म्हणजे बरेचदा गणपतीच्या आगेमागेच. दोन्ही एकाच आठवड्यात आले तर आरतीची वेळ सांभाळून सकाळी जाऊन या. पावसाळी जॅकेट लागत नाही, सप्टेंबरात इथे अजून उन्हाळा रेंगाळत असतो, पण टोपी न्या, आवारात सावली कमी आहे. दोन दिवसांपैकी एकच जमणार असेल तर ज्या दिवशी मिकोशी तुम्हाला सोयीच्या वेळी निघते तो धरा. वेळापत्रक आधी जाहीर होतं. आणि हे सगळं आवडलं तर ऑक्टोबरअखेरीस बेलव्ह्यू बोटॅनिकल गार्डनमधल्या याओ बागेत जा. ओसाकाजवळचं याओ शहर १९६९ पासून बेलव्ह्यूचं भगिनी-शहर आहे, बाग त्याच्या नावाची. तिथेही तिकीट नाही आणि मेपल तेव्हा लाल झालेले असतात. पार्किंग छोटं आहे, शनिवारी दहाच्या आत पोचा.