गाडीची विचारपूस : गिअरचा नॉब निघता निघत नाही

प्रश्न : वडिलांच्या दोस्ताकडून 2006 ची स्कोडा ऑक्टाव्हिया टीडीआय (डिझेल) घेतली. इंजिन ठणठणीत आहे, पण गिअरच्या नॉबवरचं कातडं सोललंय आणि हाताला चिकट लागतं. नवा नॉब आणून ठेवला, जुना निघेना. इथल्या मिस्त्रीने पाइप पाना लावून फिरवायला घेतला, तर आतून करकर आवाज आला. आता तो म्हणतो, गॅसच्या टॉर्चने गरम करू. करू द्यावं का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अजिबात नको. आणि पाइप पानाही पेटीत ठेवायला सांगा. तुमच्या नॉबला आटेच नाहीत, मग तो फिरून निघणार कसा?

छत्रपती संभाजीनगरजवळ, आपल्याच शेंद्र्याला जुळवलेली ही गाडी. एके काळी जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्टाव्हिया दिसली की ओळखायचं, आत एक तर गुत्तेदार आहे नाहीतर पुढारी. आता त्या गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आल्यात आणि त्यांचं प्लास्टिक म्हातारं झालंय. म्हणून जोर कमी, नजर जास्त.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. काम दुपारी करा. काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात राहू द्या, कातडं आणि प्लास्टिक मऊ पडतं. मराठवाड्यात एवढी एक गोष्ट तरी फुकट आहे! दांड्याभोवती जो कातडी बूट आहे, त्याच्या खालच्या कडेला प्लास्टिकची चौकट असते. ती दोन सीटांमधल्या कन्सोलमध्ये नुसती खटक्यावर बसलेली असते. दोन्ही बाजूंनी आत दाबत वर उचला. बोटांनी जमलं नाही तर स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळा, नाहीतर कन्सोलवर कायमचा चरा पडतो.

चौकट सुटली की बूट मोज्यासारखा उलटा करून नॉबवर चढवा. नॉबच्या बुडाशी, दांड्याच्या गळ्यात, पत्र्याची बारीक क्लिप दिसेल. तिला एका बाजूला दाबून चिमटलेला कान असतो. एक्सलच्या रबरी बुटाला लावतात तसलीच, फक्त लहान. सगळी पकड या क्लिपची आहे. तार तोडायच्या कटरने कान तोडा, क्लिप काढा, मग नॉब दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढा. थोडा डावीकडे-उजवीकडे हलवला तर हरकत नाही, पण पिळू नका. खालून हातोडीचे ठोके तर नकोच. दांड्याच्या बुडाला प्लास्टिकची बैठक आणि गिअरच्या केबली आहेत. नॉब वाचवायला जाऊन तेच काम अंगावर येईल. तुमची करकर बहुतेक नॉबच्या आतल्या प्लास्टिकची असावी. नॉब टाकायचाच आहे म्हणून त्याचं दुःख नाही, पण दांड्यावर तुकडे राहिलेत का ते बघा आणि फडक्याने पुसून घ्या.

हा नियम सगळ्या गाड्यांना लावू नका. होंडा, टोयोटाच्या मॅन्युअल गाड्यांना बहुतेक आट्यांचेच नॉब असतात, ते डावीकडे फिरवून निघतात. जुन्या मॅन्युअल बीएमडब्ल्यूला ना आटे ना क्लिप. नुसता दाबून बसवलेला असतो, सरळ वर ओढायचा. जोर भरपूर लागतो आणि सुटतो एकदम, तेव्हा तोंड दांड्याच्या वर आणू नका. हनुवटी फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. ऑटोमॅटिक दांड्याला बटण असेल तर आधी त्या गाडीची रीत विचारून घ्या, अंदाजाने ओढू नका.

आता नवा नॉब. बाजारात बारीक स्क्रूने आवळायचे, कुठल्याही गाडीला बसणारे नॉब मिळतात. तुमच्या गाडीला ते नकोत, कारण रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबावा लागतो आणि असला नॉब चार दिवसांत खाली सरकायला लागतो. त्याच गाडीचा, बुटासकट मिळणारा नॉब आणला असेल तर उत्तम. नॉबच्या माथ्यावरचा नकाशा पाच गिअरचाच आहे ना, तेवढं बघा. जुनी क्लिप परत लावू नका. नवी एका कानाची क्लिप स्पेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. बरेच जण प्लास्टिकची केबल टाय आवळून मोकळे होतात. गावी पोचेपर्यंत ठीक आहे, पण उन्हात ती कडक होऊन तुटते.

चौकट बसवायच्या आधी, इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि पाचही गिअर नि रिव्हर्स टाकून बघा. रिव्हर्सला दाबताना नॉब दांड्यावरून खाली सरकला, तर क्लिपचा कान अजून आवळायचा राहिलाय.